सावली गिळणारा दगड

“सांगतो ते कुणाला पटायचं नाही, पण खडकवासल्याजवळच्या माळावरचा उभा दगड भरदुपारी स्वतःची सावली गिळतो!”

कसबा पेठेतले तांबट महिपतीअण्णा ही थाप चाळीस वर्षं मारत होते. गिऱ्हाईक हसायचं, भांडं घेऊन जायचं. यंदा मात्र एका बाबानं ती उचलली आणि तेरा मे, दुपारी साडेबाराचा मुहूर्त जाहीर केला.

माळावर ही गर्दी! खराडीच्या आयटी कंपन्यांतली पोरं रजा टाकून आलेली. सगळ्यांच्या नजरा दगडावर. सावली आखडत आखडत खरंच नाहीशी झाली.

“दगडानं सावली गिळली, तशी पीडाही गिळेल!” बाबा गरजला. “मोतीबिंदू आहे? डोळा दगडाला टेकवा, ऑपरेशन विसरा!”

अण्णांच्या पत्नी मुक्ताई पदर खोचून दगडापुढच्या रांगेत शिरल्या. बाबाच्या जाहिरातीवर विसंबून गुरुवारचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी कालच रद्द केलं होतं.

“अगं, थाप होती ती माझी!”

“अहो, डोळ्यादेखत खरी झाली की! जन्मात एकदा खरं बोललात, तर आता नाही म्हणताय.”

उन्हानं अण्णांना तहान लागली. पिशवीतली तांब्याची बाटली काढून ते घटाघटा पाणी प्यायले, बाटली जमिनीवर ठेवली आणि बघतच राहिले.

“बाबा, माझ्या बाटलीनंही सावली गिळली हो! हिलाही हार घाला.”

“बाटली पुण्यवान आहे!”

“आणि तुमची सावली कुठाय? पायाखाली लपलीय की तुम्हीही दगडच?”

गर्दीनं आपापल्या पायांकडे पाहिलं. हशा पिकला.

शेजारच्या नाजिमाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या पुढे आल्या. “वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच पडते. बाबांनी दिवस तेवढा हेरला. हा दगड कुणी रोवला, ठाऊक नाही. पण जुन्या काळी ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी असे दगड रोवून ऋतू ओळखले. सावली पायात आली, आता महिन्याभरात पाऊस, बियाणं काढा! त्यांनी दगडापुढे डोकं चालवलं, आपण टेकवतोय. डोळा डॉक्टरांना दाखवा.”

बाबा गाडीकडे सटकला. मुक्ताई रांगेतच थबकल्या.

अण्णांना मात्र राहवेना. “हा दगड रोवणारा शेतकरी ना, पाण्याचा तांब्या माझ्याच दुकानातून घेऊन गेला होता—”

“थाप!” मुक्ताई सगळ्यांदेखत कडाडल्या. “आणि फोन काढा. गुरुवारची वेळ परत घ्या.”