वरच्या झरोक्याची जाळी

मी चुनखडीच्या डोंगरातली गुहा बोलतेय. थेंबाथेंबाने पाण्याने मला कोरलं, त्याला किती युगं लागली ते माझं मलाच आठवत नाही. माणसं आली ती अगदी अलीकडे. त्यांनी दिवे लावले, कठडे बसवले, तिकीटखिडकी काढली. छतावरून लोंबणाऱ्या दगडांत कुणाला हत्ती दिसतो, कुणाला नवरी. दिसो बापडं!

वटवाघळं मात्र फार जुनी. शेवटच्या दालनाच्या छताला ती दाटीवाटीने लटकायची. दिवेलागणीला वरच्या झरोक्यातून बाहेर पडायची, पहाटे परतायची. त्यांच्या कलकलाटाची मला सवय जडली होती.

लोकांना माझ्यात फिरवणारा गाइड म्हणजे सगळ्यांचा मामा. माझ्यापुढे कालचं पोर, म्हणून एकेरीत बोलते. भला माणूस, मुंगी बघून पाऊल टाकणारा. एकदा एका पाहुणीच्या केसांवर वटवाघळाची घाण पडली, तिने आकांडतांडव केलं आणि वरून हुकूम सुटला: झरोका बंद करा.

मामा त्या संध्याकाळी झरोक्यापाशी ताटकळत उभा राहिला. तिकिटं फाडणारी त्याची बायको कंटाळून म्हणाली, "अहो, ठोका ना एकदाची जाळी!"

"थांब गं. सगळी बाहेर पडू देत. एकही जीव आत कोंडला तर पाप लागेल."

शेवटचं वटवाघूळ गेलं, तेव्हाच त्याने जाळी ठोकली. केवढं समाधान होतं त्याच्या चेहऱ्यावर!

पण ते दिवस विणीचे होते. छताला शेकडो पिल्लं चिकटलेली होती, अजून उडता न येणारी. मला ठाऊक होतं, पण माझं कोण ऐकणार?

पहाटे आया परतल्या आणि जाळीवर धडकत राहिल्या. आत पिल्लांनी आक्रोश मांडला. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, कुणी फिरकलंच नाही. तिसऱ्या दिवशी मामाने दिवे लावले, तर खाली पिल्लांचा सडा.

"अगं, ही पिल्लं..." एवढंच तो बोलला. धावत वर जाऊन त्याने जाळी हातांनी उचकटली, बोटं रक्तबंबाळ झाली. त्या रात्री थोड्या आया आल्या. छतभर शोधून निघून गेल्या, त्या गेल्याच.

आता मी स्वच्छ आहे. सुनीही आहे. परवा कुणीतरी विचारलं, "इथे वटवाघळं होती म्हणे?"

"होती. मी वर बघितलं नाही," मामा म्हणाला.

तुम्ही आलात तर त्याला याहून जास्त विचारू नका. ती पिल्लं त्याने ओंजळीओंजळीने बाहेर नेऊन एकट्याने पुरली आहेत.