शेवटच्या डब्यावर खडूने

"पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं," असं म्हणत चष्मेवाल्या सुपरवायझरने झुलाल मास्तरला दारातच अडवलं.

झुलालने नंबराची चिठ्ठी पुढे केली. सुपरवायझरने आधी चिठ्ठी वाचली, मग मास्तरच्या मिशा वाचल्या, आणि तोंड वाकडं करून बाजूला झाला.

चौतीस वर्षांचा झुलाल पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसला. शेजारच्या बाकावर भिकन होता, त्याचाच गेल्या सालचा विद्यार्थी, अजून मिसरूडही न फुटलेला. पोराने गुरुजींना ओळखलं आणि काही न विचारता मान खाली घातली. विचारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

अकरा वर्षं झुलाल चाळीसगावजवळच्या एका खेड्यात त्रैराशिक शिकवत होता. त्याच्या हाताखालची पोरं तलाठी झाली, पोस्टात चिकटली. आता वरून कागद आला होता की व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास नसलेल्या मास्तरांनी या एप्रिलात, १९३८ च्या परीक्षेत, पास व्हावं. नाहीतर जूनपासून शाळेत पाऊल टाकू नये. कागद काढणाऱ्याने कधी साठ पोरं एका खोलीत सांभाळली होती का? कागद काढायला काय लागतं? एक टेबल, आणि पंखा ओढायला एक गडी.

खरं बोलायचं तर झुलालही धुतल्या तांदळासारखा नव्हता. याआधी तो दोनदा बसला होता, आणि दोन्ही वेळा फुटबॉलने त्याला बुडवलं होतं. भुसावळला रेल्वेची इंजिनं दुरुस्त होतात त्या लोको शेडची टीम म्हणजे त्याचा जीव. गोलकीपर नूर महंमद त्याचा बालमित्र, शेडात बॉयलर ठोकणारा. एकदा इतिहासाचा पेपर अर्धा टाकून झुलाल सामन्यासाठी गाडीत बसला. दुसऱ्या वेळी पेपर पुरा लिहिला, पण आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं सोडून मैदानावर उन्हात ओरडत राहिला. दरसाल शेडवाले अनवाणी खेळायचे, दरसाल फायनलला रेल्वेचे बूटवाले ऑफिसर समोर यायचे, आणि दरसाल शिट्टी ऑफिसरांच्याच क्लबातल्या माणसाच्या तोंडात असायची. सात वर्षं हेच चाललं होतं.

"चेंडूवर पोट भरस का?" सुंदरबाईने या खेपेला विचारलं होतं. नुसतं विचारून ती थांबली नाही. नवऱ्याचा हात जात्यावर ठेवून तिने शपथ घ्यायला लावली, की मैदानाकडे फिरकणार नाही. झुलालने ती पाळली. आज सकाळी सातला भुसावळला फायनल होती, आणि तो पहाटेपासून जळगावच्या धर्मशाळेत अपूर्णांक घोकत बसला होता. बायकोच्या शपथेला जागणारा नवरा म्हणून कुणी त्याला ओवाळायला हवं होतं.

पण शेडवाल्यांची एक रीत होती. सामना संपला, की भुसावळहून सुटणाऱ्या पहिल्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर खडूने निकाल लिहायचा. तार करायला साहेबाची सही लागते, खडूला लागत नाही. मग पाचोरा, चाळीसगाव, जिथे गाडी थांबेल तिथे हमाल आणि सांधेवाले डबा वाचायचे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनवर बातमी व्हायची.

पेपर अंकगणिताचा होता. आठ गणितं, त्यातली पाच बरोबर आली तर पास. झुलालची तीन झाली होती. चौथं एका दिवाणखान्याच्या गालिच्याचं होतं. त्याने उभ्या आयुष्यात गालिचा पाहिला नव्हता, तरी लांबी-रुंदी मांडली. तेवढ्यात खिडकीबाहेर, शाळेच्या बुटक्या भिंतीपलीकडे, सिग्नल न मिळालेली मालगाडी करकरत थांबली. शेवटचा डबा नेमका खिडकीसमोर आला.

लोको ३, ऑफिसर २.

अक्षर नूर महंमदचं होतं, कोंबडीने उकरल्यासारखं. झुलालने ते दोनदा वाचलं. आकडा दिसला की टिपायची अकरा वर्षांची खोड, हाताने आपोआप प्रश्नपत्रिकेच्या कडेला लिहून टाकलं: ३–२.

सुपरवायझरची सावली कागदावर पडली.

"हे आकडे कुठून आले?"

झुलालने खिडकीकडे बोट दाखवलं. त्याने घात झाला. बाहेर आकडे, आत तेच आकडे. सुपरवायझरने पेपर ओढून घेतला आणि त्याला हेडमास्तरांपुढे उभं केलं. रेल्वेच्या डब्यावर उत्तरं लिहून पाठवणारी टोळी, असा त्याचा कयास. झुलालने सगळं सांगितलं, शेड, नूर महंमद, सात वर्षं. हेडमास्तरांनी आठही गणितांची उत्तरं ताडून पाहिली. तीन-दोन कुठेच नव्हतं. तरी त्यांनी उपदेश केलाच, या वयात, संसार असताना, शिक्षक म्हणवून घेताना. झुलाल घड्याळाकडे बघत ऐकत राहिला. ते घड्याळ तेवढं खरं बोलत होतं.

पेपर परत हातात आला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. गालिचा पुरा झाला. पाचव्याची शेवटची ओळ राहिली आणि घंटा झाली.

बाहेर भिकनने विचारलं, "गुरुजी, पाचवं सोपं होतं ना?"

"सोपं होतं," झुलाल म्हणाला. ते त्यानेच भिकनला शिकवलं होतं.

तो स्टेशनात आला. तीच मालगाडी इंजिनात पाणी भरण्यासाठी सायडिंगला उभी होती, आणि उखर्डू हमाल ओलं गोणपाट घेऊन शेवटचा डबा घासत होता. निकालाचा पांढरा ओघळ तेवढा उरला होता.

झुलालने विचारलं, हे कसाले पुसस? गेली सात वर्षं ऑफिसर जिंकले तेव्हा कुणी पुसलं नव्हतं.

"मी काय करू, मास्तर," उखर्डू म्हणाला, "साहेबना हुकूम शे. बठ्ठं, एकूणएक अक्षर, पुसनं पडी."

झुलालने कोटाच्या खिशात हात घातला. शाळेचा खडू होता, बोटभर लांब. मास्तरच्या खिशात तो नेहमीच असतो. उखर्डूने खडूकडे पाहिलं, मग मास्तरकडे. गोणपाट बादलीत टाकून तो म्हणाला, "मी पानी पीसन येस."

डबा वाळेपर्यंत झुलाल थांबला. मग शाळेच्या फळ्यावर रोज लिहायचा तशी उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घातली. खाली सरळ रेघ ओढली. रेघेखाली, लांबून वाचता येईल असं, गोल, टपोरं अक्षर काढलं: लोको ३, ऑफिसर २. चाळीसगावात हे अक्षर ओळखणारे बरेच होते. रेल्वे फाटकावर सुंदरबाई पाण्याला जाते, तीही ओळखेल, आणि तिला जात्यावरची शपथ आठवेल. तो घरी पोचायच्या आधी गाडी पोचणार होती.

इंजिनाने शिट्टी दिली. डबा हलला, सांध्यावर खडखडला आणि वळणाआड गेला.

खडू संपला होता. बोटांवरची पूड त्याने धोतराला पुसली नाही.