कपाशीत सांगितलेला कालचा भाग

ऐक गं रोहिणी, नुसतं ऐक, चहा थंड झाला तर होऊ दे.

दिपमाला आठवते ना, बारावीला आपल्या मागच्या बाकावर बसायची, पाचोऱ्याकडच्या खेड्यातली? ती आता गावातच असते, कापूस वेचायला जाते. बाराजणींची टोळी आहे, आणि त्या बाराजणींत मालिका नीट बघणारी एकटी तीच. साडेसातला बाकीच्या सगळ्या चुलीपुढे असतात, आणि जिच्या घरी टीव्ही आहे तिथली लाईट नेमकी तेव्हाच जाते. दिपमाला मोबाईलवर बघते आणि दुसऱ्या दिवशी कपाशीत कालचा भाग सांगते. टोळीचा मुकादम धनसिंगभाऊ तर तिला मुद्दाम मधली ओळ देतो. का, तर जी बाई मागे पडेल तिला भाग ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या तिच्या बरोबरीनं हात चालवतात. धनसिंगभाऊला ओरडावंच लागत नाही, तो बांधावर बसून तंबाखू मळतो.

आणि दिपमाला नुसती गोष्ट सांगत नाही, तिची मतंही मध्ये येतात. म्हणजे खलनायिका झोपताना एवढे दागिने घालते तर कूस कशी बदलते. दोनशे भाग झाले, त्या घरात अजून गॅस संपला नाही. आठ माणसं जेवतात पण भांडी घासताना कोणी दिसत नाही. डब केलेल्या पिक्चरमधला हिरो वीस जणांना मारतो आणि भांग तसाच, आणि शेतकरी झाला की पांढरा शर्ट घालून कपाशीत फिरतो, एक डाग नाही. तिनं तीन प्रकार पाडलेत. काही बसून बघण्यासारखं, काही भाकरी थापताना ऐकण्यासारखं आणि काही फक्त वेचणीला सांगण्यासारखं. पहिल्या प्रकारात चार वर्षांत दोनच पिक्चर बसले म्हणे.

पण आता ती थकली होती गं. बोंडांची टोकं लागून बोटं फाटलेली, कमरेला ओढणारी कापसाची ओटी, आणि तोंडात रोज तीच साडेसातची. त्यातल्या नायिकेला नवऱ्यानं संशयावरून घराबाहेर काढलं, ती माहेरी आली, दोन महिने नुसती खिडकीत उभी. दिपमाला म्हणायची, तिच्या जागी मी असते तर निदान खिडकी तरी पुसली असती. कोणी हसलं की तिलाही जरा बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

आता त्या टोळीत भिकुबाई आहे आणि तिची लेक रत्ना. रत्ना दसऱ्यापासून माहेरीच आहे. नवरा मारायचा. एकदा दोनदा नाही, मनगट सुजलेलं घेऊनच आली होती. भिकुबाईला नवरा नाही, ती बिचारी दोन्हीकडून अडकलेली. पोरगी समोर दिसली की रडायची आणि गल्लीतली कोणी बोलली की म्हणायची, नांदायला नको का. रविवारी सासरचे रत्नाला घ्यायला येणार होते, सोबत दोन वडीलधारी. आणि भिकुबाईचा कल पाठवण्याकडेच होता.

शुक्रवारी संध्याकाळी रत्ना दिपमालाकडे आली. दोघींनी ओट्यावर बसून एका मोबाईलवर भाग बघितला. त्यात काय झालं, नवरा आला, दोन अश्रू काढले, आणि ही बाई पिशवी भरून निघाली. मागे सनई. सासरी पोचल्यावर सासूच्या पाया पडली. मोबाईलवर उमटलेला धुळीच्या बोटाचा ठसा रत्नानं ओढणीनं पुसला आणि घरी गेली.

शनिवारी कपाशीत पहिली ओळ अर्धी झाली नसेल, भिकुबाईनंच विचारलं, "दिपू, काय व्हयनं वं काल? गयी का ती?"

दिपमालाच्या शेजारच्या ओळीत रत्ना होती. मान खाली, हात चालू. दिपमालानं काही ठरवलेलं नव्हतं बरं का, ती मला शपथेवर सांगत होती. तिला फक्त तो भाग पुन्हा तोंडानं सांगायचा कंटाळा आला होता.

"नही गयी, मावशी."

"मंग त्या लोके?"

"तोंड पाडीसन निंघी गयात."

"आनि तिनी माय?"

"तिनी माय बोलनी, मनी पोर माले जड नही."

भिकुबाईचा हात बोंडावरच थांबला. मागून कुंदाबाई म्हणाली, "टीव्हीमानी माय शे ती. तिले काय जड व्हई, घरमा चार नोकर शेत." सगळ्या हसल्या, भिकुबाई नाही हसली. रत्ना पुढच्या झाडाकडे सरकली. काल आपल्यासोबत बसून तिनं सगळं बघितलंय, हे दिपमालाला माहीत, आणि रत्ना गप्प.

रविवारी सासरचे आले. चहा झाला, पोहे झाले, मोठ्या माणसानं विषय काढला, आणि भिकुबाई, जी कधी कोणापुढे वर बघत नाही, ती म्हणाली, "मनी पोर माले जड नही. आते धाडनं नही." जसंच्या तसं. ते लोक उठले. जाताना म्हणाले, गुरुवारी पुन्हा येतो, तोवर विचार करून ठेवा.

दिपमालाला हे कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता ना? ती म्हणते, माझं खोटं उघडं पडलं तर, हेच आधी मनात आलं.

सोमवारी, म्हणजे काल, भिकुबाई ओळ धरायच्या आधीच तिच्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. पिंपळनेरला तिची बहीण आहे, मंदाबाई, तिचा फोन आला होता.

"दिपू, मंदा सांगे, ती ते गयी परत. सासूना पाय भी पडनी. मी तुना भरोसावर त्या लोकेसले नही म्हनी दिधं. आपलं चुकनं का काय? खरं काय शे ते सांग."

अकरा बाया थांबल्या. धनसिंगभाऊनं बांधावरून बघितलं. दिपमालाला वाटलं, म्हणावं, मावशी, मंदामावशी वेगळीच मालिका बघते. म्हणता आलं असतं. सगळ्यांचा तिच्यावरच विश्वास होता, मोबाईल तिच्याकडेच होता. पण इतकी दमली होती ती, की आणखी एक भाग रचायची ताकदच नव्हती.

"गयी, मावशी," ती म्हणाली. "मी खोटं बोलनी. माले तो भाग पटना नही."

आणि तेवढ्यात रत्ना, जी दसऱ्यापासून त्या टोळीत चार वाक्यं बोलली नसेल, ती खालच्या मानेनंच म्हणाली, "माय, मी भी देखेल शे तो भाग. दिपूसंगेच."

"मंग तू काब बोलनी नही?"

"माले जानं नही शे."

भिकुबाईनं लेकीकडे बघितलं, दिपमालाकडे बघितलं, ओटीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि आपल्या ओळीला लागली. दिवसभर कोणी कालचा भाग विचारला नाही. बाया पुढे मागे विखुरल्या, धनसिंगभाऊला चार वेळा ओरडावं लागलं. संध्याकाळी दिपमालानं मला फोन केला, आवाज एवढासा. म्हणाली, खोट्यावरच राहिले असते तर निदान गुरुवार तरी निघाला असता गं, आता मावशी काय करेल सांगता येत नाही, आणि रत्ना माझ्याशी बोलतही नाही, रागावली की काय तेही कळत नाही.

गुरुवार परवावर आलाय. तू सांग रोहिणी, भिकुबाई तुझ्यापुढे येऊन अशी उभी राहिली असती, तर तू काय केलं असतंस?