दंडारीतली सासू

मायं नाव झुंबरबाई, पण वडनेरात मले त्या नावानं कोनी वळखत नाही. "दंडारीतली सासू कुठी राह्यते?" असं विचारा, शेंबडं लेकरूही मायं घर दाखवते. अन् मी तं जन्मात कधी दंडारीच्या त्या नाचगाण्याच्या खेळात पाय ठेवला नाही! बाईमाणूस तिथी नाचलं तं गाव जीभ हासडन. बायकायची सोंगं बाप्येच घेतात, अन् सासू होतात ते आमचे हे, उत्तमराव. एवढा धिप्पाड माणूस, सुगी आटोपली का मिशी उतरवते अन् मायं हिरवं लुगडं नेसते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांतवाल्यायच्या हाती, अन् आमच्या घराची अब्रू दंडारीच्या.

दंडारीत बाया तीनच. एक रडकी सून, एक जहरी सासू, अन् एक पान खाऊन डोळे मारणारी, जिच्यापायी घर बुडते. वावर निंदाले जाणारी, कापूस वेचणारी, पोटभर हासणारी बाई तिथी औषधालेही नाही. मी एक डाव यायले म्हटलं, "काऊन हो, सरळ बाई तुमाले दिसतच नाही का?"

"सरळ बाईले पाहाले कोन येईन वं?" म्हणे.

लुगडं नेलं तं नेलं, यायनं मायं बोलणंही नेलं. मले सवय आहे, दारात कोनी आलं का मी पह्यले विचारते, "खाल्लं का वं?" तेच यायनं सासूच्या तोंडी घातलं. म्हणे ते आयकलं का माणसं लोटपोट होतात. मी रागानं ती दंडार पाहाले कधी गेलीच नाही. पण पाणवठ्यावर कोनाले खाल्लं का विचारलं, तं बाया तोंडाले पदर लावाच्या.

हासू द्या, म्हटलं. पण मंग माया मोतीराम लग्नाचा झाला. दोन जागंहून एकच निरोप आला, "पोरगं चांगलं आहे हो, पण सासू!" घ्या आता! यायच्या सोंगापायी मायं पोरगं बिनलग्नाचं राहाची पाळी आली.

तिसरं ठिकाण खामगावचं. नारायणरावायचा भाजीपाल्याचा मळा, पोरगी कोकिळा. दूरचं गाव, तिथी आपली कीर्ती पोचली नसन, असं वाटलं. निघतानी यायनं हात जोडले, "तिथी तेवढं ते बोलू नको."

"वा रे वा! चोरी तुमची, अन् कुलूप माया तोंडाले?" मी म्हटलं. पण पोरासाठी लावलं कुलूप.

आमच्या हाती फोव्याच्या बशा देऊन पोरगी समोर येऊन बसली. मान खाली, आवाज असा का कान लावून आयका लागे. मायनं शिकवून पाठवली व्हती ना! अन् मी ओठ दाबून बसलेली. दोघीही आपापलं सोंगच घेऊन राह्यलो व्हतो. पोरीची माय सत्यभामाबाई मायाकडे टकमक पाहे.

तेवढ्यात पोरीच्या पोटात असं गुरगुर झालं का यायचा फोव्याचा घास हातातच राह्यला. पोरीचं तोंड लालभडक झालं. मले राहावलंच नाही. "अवं, खाल्लं का वं?"

झालं! सत्यभामाबाई ताडकन उठल्या. "म्या म्हटलंच व्हतं, ह्याच त्या! मागं माया माहेरी कापसाच्या जिनाजवळ यायची दंडार झाली, मी डोळ्यानं पाह्यली. त्यातली सासू सुनेच्या ताटातली भाकर उचलून पदराखाली लपवते, अन् मंग गोड आवाजात विचारते, खाल्लं का वं! बाई, माफ करा. मी मायी पोरगी देत नाही."

भाकरीचं मले कोनी सांगतलंच नव्हतं. ती भाकर मायी व्हती हो! मी नवी नवरी असतानी मायी सासू अस्संच करे, अन् अस्संच विचारे. मी माहेरी कधी सांगतलं नाही, यायलेही नाही. म्हातारी गेली, तिचं बोलणं माया तोंडी राह्यलं. फकत मी खरंच विचारे.

यायनं फोव्याची बशी खाली ठेवली. "बाई, ती सासू ही नव्हं," हे म्हणे. "ती मायी माय. ही जेवाले बसली का माय भाकर उचले. मी दारात उभा राहून पाहो. एक डावही बोललो नाही. आता दंडारीत बोलतो, लोक हासतात, अन् मले वाटते बोलून झालं."

मंग कोकिळेनं मान वर केली अन् मले विचारलं, "मंग मी खाऊ का? सकाळपासून उपाशी ठेवलं मले. माय म्हणे, पाहुण्यायसमोर नाजूक दिसाव."

मी मायी बशी तिच्यापुढं सरकवली. अन् काय खाल्लं पोरीनं! शेंगदाणा सोडला नाही. सत्यभामाबाईनं कपाळाले हात लावला, पाह्यलं, अन् त्यायलेही हासू फुटलं. जाच्या पह्यले त्यायनं आमच्या हातावर साखर ठेवली.

येतानी जलंबच्या फलाटावर गाडीची वाट पाहात बसलो. पोराचं जमलं म्हणून मी खुशीत असाव, पण डोकं भणाणून गेलं व्हतं. या माणसानं पाह्यलं व्हतं! इतके वर्षं पोटात ठेवलं व्हतं! कीव आली, माया आली, अन् राग तं असा आला का विचारू नका.

"तवा काऊन नाही बोलले हो?"

"भेव लागे मायचं." एवढा मोठा बाप्या, पण मान वर होईना.

"आता कोकिळा येईन," मी म्हटलं. "सासू झाल्यावर मायाही हात तिच्या ताटाकडे जाईन, कोनं सांगाव. तवा दारात उभे राहू नका. आत या, अन् माया हात धरा."