लालीचा मुहूर्त

चप्पल काढायच्या आत शेजारच्या नीलम्माकाकूंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"भार्गवी, लई नशीबवान घर हाय की तुमचं! जोडी लागली!"

कुणाची?

"सापांची की!"

(थांबा. आधी माझे पाळलेले साप सांगते, भराभर. लाली : कॉर्न स्नेक, केशरी, अंगठ्याएवढी जाड, स्वभावानं गरीब. कोळसा : किंग स्नेक, काळा, पिवळे पट्टे, लालीच्या दीडपट, परवाच आलेला. दोघं परदेशी, दोघांची सरकारी नोंदणी झालेली, दोघांच्या काचेच्या पेट्या वेगळ्या. वेगळ्या का? किंग स्नेक साप खातो.)

पेढा थुंकला. मधल्या खोलीत धावले.

कोळशाच्या पेटीवर खणाचं कोरं कापड. वर हळदकुंकू. समोर आई, हात जोडून. गुंतलेल्या सापांवर नवं वस्त्र टाकलं की घराची भरभराट होते, म्हणून आईनं ठेवणीतला खण काढला होता.

"बाबा! लाली ह्या पेटीत कशी?"

बाबा देवळात पूजा करतात. आत्ताही सोवळ्यातच होते, आणि इतके खूश, जणू लग्न लावून आलेत.

"मीच सोडली. तू म्हणालीस ना, एकत्र ठेवायचं नाही? म्हणून तर चांगल्या दिवसापर्यंत थांबलो होतो. आज अक्षय तृतीया, मुहूर्त बघायलाच नको! आणि बघ, पाच मिनिटांत गुंतले की नाही!"

खण ओढला.

कोळशाचे तीन वेढे. मधे लाली. कोळशाचे दात तिच्या मानेत.

"गुंतले नाहीत बाबा! तो तिला खातोय!"

आई : अगं बाई.

काकू : अय्यो!

बाबा : खातोय?

झाकण उघडलं. "सॅनिटायझर! कापूस! वासानं तोंड सोडेल!" आई पळाली. "बाबा, वेढे सोडवा, शेपटीकडून. डोक्याकडून नाही, शेपटीकडून!"

"मी?"

"मला तोंड सोडवायचंय!"

आजवर बाबांनी सापाला हात लावला नव्हता. लालीलासुद्धा माझ्या साप उचलायच्या लोखंडी आकड्यावर उचलून सोडलं होतं. आता दोन्ही हात आत. शेपटी धरली. सुटली. धरली. उलगडली. एक वेढा. कोळशानं तोच वेढा बाबांच्या मनगटाला घातला.

"भारू, मला धरतोय गं!"

"धरू दे! सोडू नका!"

काकू दारातून : "वढा पुजारी, वढा!"

दुसरा वेढा. तिसरा. आई आली. ओला बोळा कोळशाच्या नाकापाशी. ढिम्म. अजून जवळ. त्यानं जबडा हलवला. घट्ट केला. अजून जवळ, टेकवलाच—

सुटला!

कोळसा बाबांचं मनगट सोडून झटकन मागे. मी लालीला उपसलं, बाबांनी झाकण दाबलं, वर स्वतःच बसले.

आणि लाली?

माझ्या तळहातांवर. दोरीसारखी. मान ओली, दातांचे बारीक लाल ठिपके. डोळे उघडे, पण सापाचे डोळे मिटतच नाहीत, त्यावरून काय कळणार?

फुंकर घातली. काही नाही.

पोटावर बोट फिरवलं. काही नाही.

बाबा झाकणावरून पुटपुटत होते. मंत्र नव्हता. "ऊठ गं, ऊठ गं, ऊठ गं."

मग जीभ.

बाहेर. आत.

"हलली!" आई ओरडली. पुन्हा जीभ! शेपटीचं टोक माझ्या करंगळीला गुंडाळलं, हळूच, मग घट्ट!

नेऊन तिच्या पेटीत ठेवलं. लाली सरपटत कौलाच्या तुकड्याखाली गेली.

झाकणावर आईला बसवून बाबा लालीच्या काचेला नाक लावून बघत राहिले.

"एकटीला बरं वाटतं का गं हिला?"

"एकटीलाच."

"मग तसं सांगायचं की," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या पेटीला कुलूप आणायला निघाले. सोवळ्यातच.