माझा उजवा हात

एकोणीसशे अडतीस साल, मे महिन्यातला मंगळवार, सकाळचे साडेनऊ. ओहायोतल्या बहिऱ्या मुलांच्या एका शाळेचं पटांगण. अनावरणाला माझ्यावरचं कापड ओढलं, तेव्हा माझा उजवा हात जागेवर नव्हता.

मी दगडाची आई बोलतेय. मांडीवर मूल आहे.

मला घडवलं ऑर्विल स्ट्रँडनं. तो बहिरा, याच शाळेत शिकलेला. सरकारी मदतकामाच्या कचेरीनं आधी ‘कामास अपात्र’ म्हणून त्याला परत पाठवलं. त्याची बायको हेझल, तीही बहिरी, रोज कचेरीच्या दारात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे त्याला हे काम मिळालं.

माझ्या उजव्या हाताची बोटं जुळवून त्यानं माझ्या ओठांशी नेली. बहिऱ्यांच्या हातांच्या बोलीत माझा लेकराला एकच प्रश्न: जेवलास का?

डबा घेऊन आलेली हेझल त्याच्या पायाखालच्या फळीवर पाय आपटायची, हादरा जाणवला की तो वळायचा.

“हिची बोटं फार नाजूक केलीस,” ती हातांनी म्हणाली. “लग्नाआधी कुणी होती का?”

“तुझीच आहेत. भांडताना तुला दिसत नाहीत.”

मुख्याध्यापिका मिस थॉर्नडाइकना मात्र मी डोळ्यांसमोर नको झाले. त्यांच्या वर्गात मुलांना स्वतःच्या तळहातांवर बसवतात. बोलायचं ते तोंडानंच.

“आम्ही यांचे हात खाली ठेवायला शिकवतो, आणि अंगणात ही बया हातवारे करणार?”

कामावरचे साहेब बेकेट ऑर्विलला म्हणाले, “बाईंचं ऐक. हिच्या हातात पुस्तक दे.”

ऑर्विलनं त्यांचे ओठ वाचले आणि खडूनं माझ्या चौथऱ्यावर लिहिलं: मुलाला भूक लागलीय. पुस्तक काय करायचंय?

“मग उद्यापासून येऊ नकोस. तुला धोक्याची शिट्टी ऐकू येत नाही. अपघात झाला तर जबाबदार कोण?”

अख्खा हिवाळा तो याच फळीवर उभा होता. तेव्हा ही शिट्टी कुणाला आठवली नव्हती.

समारंभाला ऑर्विल आणि हेझल मागच्या रांगेत होते. भाषणं झाली. त्यांना ती हातांनी सांगायला कुणी उभं राहिलं नाही. ऑर्विल उठून पुढे आला, माझ्या तुटक्या मनगटावरून अंगठा फिरवला आणि बेकेटकडे बघत राहिला. बेकेटनी टाळ्या वाजवल्या.

आता मधल्या सुट्टीत, बाईंची पाठ वळली की, एखादी मुलगी चौथऱ्यावर चढते आणि माझ्या ओठांशी स्वतःची बोटं नेते. खालची पोरं हातांनी उत्तरं देतात. बाई वळल्या की सगळे हात खिशात. त्या हातांना मोकळं सोडा, एवढंच मागणं आहे.

मला इथे आणताना वाहतुकीत माझा हात तुटला, असं बेकेट वार्ताहरांना म्हणाले. मी याच पटांगणात घडले. इथून मला कुणी कधीच हलवलेलं नाही.