मागची ढाल

लिंबाजी गुरुजींना घराबाहेर एका जागी बसवत नसे, आणि त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात त्यांच्यावर नेमकी दिवस दिवस बसून राहायची वेळ आली. तीही कुठं, तर परभणीत, बन्सीधरच्या कॉम्प्युटर क्लासात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि चपला दाराबाहेर.

चपलांवरून पहिल्याच दिवशी वाजलं. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणीच जायचं असा रिवाज होता. धुळीनं मशीन आजारी पडतं, असं बन्सीधर आल्यागेल्याला इतक्या काळजीनं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणी बाळंतीण निजली आहे. गुरुजींनी चपला काढल्या, पण बाहेर ठेवल्या नाहीत. कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन दाराशेजारच्या खुर्चीत बसले. वेळ आली तर अनवाणी पळायचं नाही, हे त्यांनी फार वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. बन्सीधर काही बोलणार, तोच सत्यशीलेनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

सत्यशीला ही गुरुजींची एकुलती एक मुलगी. बी. एस्सी. झाली होती आणि या क्लासात शिकवत होती. दीड वर्ष ती पिंगळीहून पॅसेंजरनं एकटी जात-येत होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण डिसेंबरात जो तो म्हणू लागला की विद्यापीठाचं नामांतर आता होणार, या खेपेला नक्की होणार, आणि गुरुजींचं चित्त उडालं. नामांतर व्हावं म्हणून ते स्वतः मोर्चात गेले होते. आता ते होण्याच्या गोष्टी ऐकून त्यांचे तळहात घामेजत. पोरीला एकटं सोडायचं नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्याबरोबर गाडीत चढले.

याला कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि त्यांच्या जुन्या गावात जमाव वस्तीवर चालून आला, तेव्हा गुरुजी आणि त्यांचे दोघे भाऊ काठ्या घेऊन पुढच्या दारात उभे राहिले होते. जमाव समोर आला, शिव्या देत थांबला, आणि हे तिघे छाती काढून उभेच राहिले. तेवढ्यात दुसऱ्या टोळीनं मागून येऊन छपराला रॉकेल लावलं. सत्यशीला मागच्या खोलीत झोपली होती. गुरुजींच्या बायकोनं, गीताबाईंनी, तिला ओढून बाहेर काढलं, त्यात त्यांचा एक हात कोपरापर्यंत भाजला. पुढं सगळे पिंगळीला येऊन राहिले, नवं घर झालं, गुरुजी पेन्शनीत निघाले. पण पुढच्या दारावरचा त्यांचा विश्वास जो उडाला तो उडालाच. नव्या घरात ते कायम मागल्या दाराशी बसत.

क्लासात मात्र मागलं दार नव्हतं, त्यामुळं काय करावं हे त्यांना सुचेना. ते उठत, पडदा सरकवून रस्ता बघत, बसत, पुन्हा उठत. पोरांची बोटं थबकत. शेवटी बन्सीधरनं त्यांना कोपऱ्यातल्या रंगीत मशीनपुढं बसवलं आणि एक फ्लॉपी घालून दिली.

तो अवकाशात यान उडवायचा खेळ होता. काळ्या आभाळातून यान न्यायचं आणि लांबच्या तांबड्या ग्रहावर उतरवायचं. वाटेत शत्रू आणि दगड. निघण्याआधी शक्तीचे दहा ठोकळे मिळत, आणि ते तीन ठिकाणी वाटून द्यावे लागत: पुढची ढाल, मागची ढाल आणि इंजिन. सगळी गंमत या वाटणीत होती. ढाल जाड केली तर यान जड होई, इंजिनाला जास्त दिलं तर अंग उघडं पडे. पोरं दोन-तीन डावांत शहाणी होत, पुढं थोडं आणि इंजिनात बरंचसं टाकून सुसाट निघत.

गुरुजींनी चष्मा पुसून सगळ्या सूचना वाचल्या आणि सात ठोकळे मागच्या ढालीला दिले. बन्सीधरनं समजावलं की गुरुजी, शत्रू बहुतेक समोरूनच येतो. गुरुजी म्हणाले, "समोरचा दिसतो की. दिसतो त्याला काय भ्यायचं?"

त्यांचं यान चिखलात रुतलेल्या गाडीसारखं चाले. समोरच्या शत्रूला चुकवायला त्याला पळताच येत नसे, आणि कधी चुकवलंच तर अर्ध्या वाटेत इंधन संपे. पोरं तोंड फिरवून हसत. गुरुजी मात्र पेटले. रोज ढाली बदलत. मागची सातावरून सहावर आणत, पुढं एक वाढवत, आणि निघायची कळ दाबायच्या आत बोट थांबे, अन् तो एक ठोकळा काढून पुन्हा मागं. खेळाच्या नादात ते खिडकीकडं जाईनासे झाले, तेवढाच बन्सीधरला दिलासा.

मधल्या काळात पुण्याच्या एका कंपनीनं सत्यशीलेला नोकरी देऊ केली. संक्रांत झाली की हजर व्हायचं, आणि येणार की नाही ते शनिवारपर्यंत तारेनं कळवायचं. ऐकून गुरुजी म्हणाले की आधी नामांतराचं होऊन जाऊ दे, मग बघू. सत्यशीलेनं हे वाक्य शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. ती वाद घालत बसली नाही. पण तिनं तारही केली नाही, आणि गुरुजींनी त्याचा अर्थ असा लावला की पोर आपल्या शब्दाबाहेर नाही.

शनिवारी दुपारी क्लास सुटला. पोरं गेली. बन्सीधर जेवायला गेला. सत्यशीला पर्स घेऊन गुरुजींच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तार ऑफिस बंद व्हायच्या आत काय ते ठरवावं लागेल, असं तिनं सांगितलं. गुरुजींनी मान न वळवता एक डाव होऊ दे म्हटलं. तो झाला, तसा दुसरा मांडला. ढालीचा ठोकळा मागून काढला, पुढं ठेवला, परत मागं नेला.

"सरका बाबा जरा," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. तिनं चार ठोकळे पुढं दिले, सहा इंजिनात. मागं काहीच नाही.

"मागं एक तर टाक."

"कुठला काढू? पुढचा का इंजिनातला?"

गुरुजींचं बोट एकदा पुढच्या ढालीकडं गेलं, एकदा इंजिनाकडं. तिनं कळ दाबली आणि यान सुटलं. दगड दोहो बाजूंनी मागं पडू लागले. इतकी दूरची चांदणी गुरुजींनी त्या पडद्यावर कधी पाहिलीच नव्हती. तांबडा ग्रह ताटाएवढा झाला, आणि त्याच वेळी मागून एक शत्रू आला. गुरुजी ताडकन उभे राहिले, मांडीवरची पिशवी खाली पडली. सत्यशीलेनं यान डावीकडं घेतलं, पण एक तडाखा बसला, मग दुसरा, आणि यान जळून गेलं.

"पाह्यलंस?" गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता, पण त्यात कुठंतरी समाधानही होतं. "मागूनच आला."

"मागूनच आला. पर तुमचं यान इथवर कवा आलतं का?"

गुरुजी म्हणाले की खेळातलं जळलेलं यान परत उभं राहतं, माणसाचं तसं नसतं. पुण्यात तिच्या पाठीशी कोण आहे? इथं निदान बाप रोज येऊन बसतो.

सत्यशीलेनं मशीन बंद केलं. हे बोलायचं नाही असं तिनं महिनाभर ठरवलेलं होतं, आणि आता तिला धरवलं नाही.

"बाबा, तुमी मला राखायला येत न्हाई. मी तुमाला घिऊन येते. आईनं सांगितलंय मला. घरी दिवसभर मागल्या दारी बसून ऱ्हातात म्हनली, रस्त्यानं पोरं वरडली तरी कुऱ्हाड घिऊन उठतात. एखाद्या दिवशी कुनाचं तरी बरंवाईट करतील, न्हाईतर सोताचं. तुज्यासंगं ने, तुज्या डोळ्याम्होरं ठिव." तिनं पर्सचा बंद मुठीत धरला. "मला पुन्याचं भ्या न्हाई. मी गेल्यावर तुमच्याकडं कोन बघंल, येवढंच मला ठरवता येईना झालंय."

गुरुजींना आधी रागच आला. मग एकेक आठवू लागलं. तिकीट रोज तीच काढायची. गाडीत त्यांना खिडकीशी बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसायची. बन्सीधरसारखा टापटिपीचा माणूस म्हाताऱ्याला फुकट मशीन देऊन बसला होता.

"बन्सीधरला ठाऊक हाय?"

तिनं मान डोलावली. गुरुजींना इतकी लाज वाटली की मशीनच्या काळ्या काचेतही त्यांना स्वतःचं तोंड बघवेना. चाळीस वर्षं पोरं सांभाळलेला माणूस, आणि त्याला आता डब्याबरोबर शहरात आणून बसवत होते. त्यांनी पिशवी उचलली, चपला काढून तिथंच पायात घातल्या.

"तार कर. जाते म्हनून कर," ते म्हणाले. "मी गाडीला जातो."

"थांबा, मी येते संगं."

"नगं. तू सांजच्या गाडीनं ये. माज्यामागं येऊ नगंस."

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. स्टेशनवर बाकाला पाठ टेकवेना, म्हणून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गाडीत दोन टोळभैरव मोठ्यानं हसले, तेव्हा पुढच्या स्टेशनात उतरून जावं असं त्यांना वाटलं. पण पुढचं स्टेशन पिंगळीच होतं.

गीताबाई ओसरीत तीळ निवडत होत्या. नवऱ्याला एकटं येताना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. सत्या कुठं आहे, म्हणून विचारलं.

"तार करायला गेली. पुन्याला जायलीय ती."

"आन् तुमी एकलेच आलाव?"

गुरुजी त्यांच्याशेजारी ओसरीतच बसले, रस्त्याकडं तोंड करून.

"मला लय भ्या वाटायलंय," ते म्हणाले. पंधरा-सोळा वर्षांत हे त्यांनी बायकोला एकदाही सांगितलं नव्हतं.

गीताबाईंनी भाजलेला हात पदराखालून काढून त्यांच्या पाठीवर ठेवला. "मलाबी वाटतं," त्या म्हणाल्या. "रोजच वाटतं."

सांजच्या गाडीची शिट्टी झाली. गुरुजी स्टेशनाकडं जायला अर्धे उठले. गीताबाईंनी त्यांना अडवलं नाही, फक्त त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"येईल ती," गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.